जत्रेची तारीख

कुडाळच्या एका खासगी इस्पितळात मी औषधांच्या चाचण्यांची माहिती भरते. पेशंट बोलतो ते मी संगणकातल्या रकान्यांत बसवते. तारीख लिहायची तीसुद्धा ठरल्याप्रमाणे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे ती जपानात वाचा नाहीतर जर्मनीत, अर्थ एकच. आमच्याकडून गेलेल्या माहितीत कधी चूक निघत नाही, असं वरचे लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. तोरा होता मला, उगाच कशाला लपवू!

सांधेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. धामापूरच्या पलीकडून एक काकू यायच्या, काका त्यांना स्कूटरवर घेऊन यायचे. काकूंच्या हातांना भाताचं आवण, म्हणजे लावणीची रोपं, काढणं जमत नव्हतं, गोळीने जमायला लागलं. "एकही गोळी चुकवायची नाही हां काकू," असं मी दर खेपेला बजावायचे. त्या शाळेतल्या पोरीसारख्या मान हलवायच्या.

तिसऱ्या खेपेला काका म्हणाले, "हिच्या अंगाक खाज सुटता. जत्रेच्या दुसऱ्या दिसापासना."

"तारीख सांगा काका."

"तारीख खंय ठाऊक? जत्रा होती, पावणे इल्ले, आणि औंदा आमची जत्रा..."

"जत्रेची गोष्ट नको. तुमची जत्रा कधी असते ते माहीत आहे मला."

माहीत होतीच! आदल्या वर्षी मैत्रिणीबरोबर त्याच जत्रेला गेले होते, तिथी पक्की लक्षात होती. माझं माहेर इन्सुलीचं, आमची जत्रा तिथीवर. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, तीच तिथी शोधली, तारीख घातली. ती पहिल्या गोळीच्या बारा दिवस आधीची निघाली. गोळीच्या आधीपासूनचं दुखणं जुन्या आजारांच्या यादीत जातं, गोळीनंतर सुरू झालेलं त्रासांच्या यादीत. खाज जुन्यात गेली. संगणकाने मुकाट्याने घेतली. त्याला काय, तारीख नीट लिहिलेली असली की झालं.

चार दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हरचे आकडे थोडे वर होते. डॉक्टरांनी खुर्चीतूनच विचारलं, "खाज गोळीनंतरची की आधीची?"

"आधीची, सर," मी म्हटलं. स्क्रीनवर बघून म्हटलं, म्हणजे ठामपणे.

"मग चालू ठेवू. पुढच्या महिन्यात परत रक्त बघू."

पुढच्या महिन्यापर्यंत काकू पिवळ्या झाल्या होत्या. गोव्याला हलवलं. आठव्या दिवशी गेल्या.

तेरावं झाल्यावर काका उरलेल्या गोळ्या परत द्यायला आले. तसा नियमच आहे, गोळ्या मोजून परत घ्यायच्या. लाज वाटते सांगायला, पण मी त्या मोजल्या. बरोबर भरल्या.

"एकय चुकवूक नाय तिणां," काका म्हणाले. "ओकारी येय होती तरी खाल्ल्यान. म्हणायची, त्या बायेक शब्द दिलंय मां."

मृत्यूचा अहवाल भरायचा होता, त्यात प्रत्येक तारीख पुन्हा विचारायची असते. म्हणून विचारलं, "काका, जत्रा नक्की कधी होती?"

"आमची जत्रा तिथीवर नसता गो. देवी कौल देता, तेवा ठरता. गेल्या वर्साक लवकर होती. औंदा देवीन उशिरा कौल दिल्यान." त्यांनी बोटांवर मोजून दिवस सांगितला. गोळी सुरू होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

या माणसाने तेव्हाच सांगायला तोंड उघडलं होतं, आणि मी ते मिटवलं होतं!

त्यांच्यासमोरच तारीख बदलली. बदलाचं कारण संगणक विचारतो, ते यादीतूनच निवडावं लागतं. मी 'लेखनातील चूक' निवडलं.

"काय झाला गो?" काकांनी विचारलं.

"खाज गोळीमुळे होती, काका. आम्हाला आधी कळलं असतं तर गोळी बंद केली असती." आम्हाला, म्हटलं मी.

काका म्हणाले, "म्हंजे देवीनच घात केल्यान. कौल येळेर दिल्यान असतो तर तुमका तारीख बरोबर गावली असती. तुझो काय दोष, बाय?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. माझी नोकरी होती, डॉक्टर शेजारच्याच खोलीत होते.

"हो काका," मी म्हटलं.

त्या वर्षापासून काका देवळात जात नाहीत, असं ऐकते.