बकऱ्यावाल्या बाईंची बदकं

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या भागाचं नाव पेपरात यायचं, ते दुःखाच्याच बातमीत. म्हणून यवतमाळच्या कॉलेजातून मी आमच्या गावच्या तळ्यावर होळीनंतरची पक्षीगणना ठरवली, तेव्हा यादी भरगच्च व्हावी आणि गावाचं नाव एकदा चांगल्या बातमीत यावं, एवढीच हौस होती.

कॉलेजातले सर आणि आम्ही चौघं विद्यार्थी दुर्बिणी डोळ्यांना लावून पलीकडच्या बदकांकडे निघालो. एवढ्यात बकऱ्या राखणाऱ्या एक बाई काठी आडवी धरून समोर उभ्या राहिल्या.

"वर काय पाहून राह्यले? खाली पाहा ना बाप्पा!"

सरांच्या बुटापासून वीतभरावर, गोट्यांत गोट्यांसारखीच, टिटवीची चार अंडी होती. पुढे अशी आणखी तीन ठिकाणं बाईंनी दाखवली. त्यांच्या बकऱ्याही लांबून वळसा घेत होत्या.

"पण काकू, पुढे जाता येत नाही, आणि झुडपांमुळे सगळी बदकं इथून दिसत नाहीत," मी रडकुंडीला आलो.

"तीस हायेत. मी रोज पाह्यतो. काल दोन उडून गेले, त्याच्या आधी बत्तीस होते."

नियम असा, की ज्यानं पाहिलं त्याचं नाव लिहायचं. मी नाव विचारलं, तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "पाखरं मोजाले आले, का मले?" आणि बकऱ्या हाकत निघून गेल्या.

आमच्या घरातला पहिला शिकलेला मी. फॉर्ममधला रिकामा रकाना मला सहन होत नसे. त्या दिवशी मात्र तीस बदकांपुढची नावाची जागा तशीच ठेवली, आणि सरांनी त्यावर सही केली. पुढे मी पुष्कळ गणना केल्या. इतक्या खात्रीचा आकडा पुन्हा लिहिला नाही.