दसऱ्यानंतर लॅपटॉप अडखळू लागला

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, करंजाड्यातील आमच्या राहत्या घरी, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, लेकीच्या गेमिंग लॅपटॉपमधल्या सैनिकाने पळणे सोडून दिले. तो एक पाय उचलायचा, विचारात पडायचा आणि मग सावकाश दुसरा पाय टाकायचा. तेवढ्या वेळात शत्रू त्याला गोळी घालून चहाही घेऊन येत असावा.

मला याची गंमत वाटत होती, लेकीला नाही. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजातल्या मुलींची पाचजणींची टीम स्पर्धेला उतरणार होती. चौघी पक्क्या होत्या. पाचव्या जागेसाठी आमची आणि आणखी एक, अशा दोघी. आणि आमच्या लेकीचा निवडसामना रविवारी दुपारी, घरूनच, ऑनलाइन. टीमच्या कॅप्टनने तिला फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "तू भारी खेळतेस गं, पण तुझा माणूस मध्येच गोठतो आणि आम्ही चौघी फुकट मरतो. रविवारी असंच झालं ना, तर मी दुसरीला घेणार."

"घाबरू नकोस," मी उभा राहून म्हणालो, "हे प्रकरण आता मी हातात घेतोय."

लेकीचा चेहरा आणखी उतरला.

मी न्हावा शेव्याच्या बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करतो. आमच्याकडे माल अडकला तर कोणी धावत जाऊन कंटेनर उघडत नाही. आधी कागद बघायचे. मग फोन करायचे. मग पुन्हा तेच कागद, जरा भुवया उंचावून. उघडाउघडी सगळ्यात शेवटी. इतक्या वर्षांची ही शिस्त मी लॅपटॉपला लावली. सेटिंग म्हणजे त्याचे कागदच की!

बॅटरी वाचवण्याचा मोड बंद केला. लॅपटॉपच्या पोटात ग्राफिक्सच्या दोन चिप असतात, एक रोजच्या कामाची साधी आणि एक गेमसाठी दणकट, हे लेकीने मला समजावलं. गेम साध्या चिपवर चाललाय का ते बघितलं, नव्हता. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. तरी सैनिक विचारमग्नच. मग गेममधलं ओझं उतरवायला घेतलं. सावल्या काढल्या, गवत काढलं, झाडं विरळ केली, पाण्यावरची चमक घालवली. थोडक्यात, बिल्डर आमच्या भागाचं जे करतात ते मी तिच्या गेमचं केलं.

"बाबा, किती भकास दिसतंय हे!"

"पळतोय ना पण?"

पळत होता. सुरुवातीची थोडी मिनिटं हरणासारखा. मग लॅपटॉपचे पंखे घोंघावायला लागले, आणि सैनिकाच्या पायात पुन्हा मणामणाच्या बेड्या.

नेमकी त्याच वेळी दर खेपेला बायको स्वयंपाकघराकडे पळायची. "अहो, गॅसवर काही राहिलंय का? फोडणीत हळद पडल्यासारखा वास येतोय." गॅस बंद असायचा. मग ती गॅलरीत जाऊन वरच्या मजल्याकडे रोखून बघायची. "भर दुपारी कसल्या फोडण्या देतात हे लोक!"

लॅपटॉपला काही झालं असेल हे तिला मुळात पटतच नव्हतं. "एवढी छान पूजा झालीय त्याची!"

झाली होती खरी. तिचे वडील, आप्पा, साताऱ्याकडून आले आणि पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात त्यांनी लेथ टाकला. खंडेनवमीला बाकीचे लोक मशीन बंद ठेवून पुजायचे. आमच्या सासऱ्यांचा नियम उलटा. चालत्या यंत्राची पूजा करायची, थांबलेलं ते नुसतं लोखंड. लेथ फिरता ठेवून ते लांबून अक्षता टाकायचे. बायकोने यंदा तोच मान लॅपटॉपला दिला. चौरंग मांडला, वर तांदळाची रास, राशीवर लॅपटॉप. लेकीला गेम चालू करायला लावला. पंखे जोरात फिरताहेत, हळद-कुंकू उधळतंय, झेंडूच्या पाकळ्या पडताहेत, मी हात जोडून उभा. देखणा सोहळा होता.

शनिवारी संध्याकाळी गेम चालू होता, पंखे घोंघावत होते आणि लेक उद्याच्या सामन्याची वेळ पुन्हा पुन्हा बघत होती. मी तिसऱ्यांदा तेच सेटिंग उघडून भुवया उंचावत होतो. बायको आली, वाकली आणि तिने लॅपटॉपला कान लावला.

"हा आवाज ऐका. आप्पांच्या लेथची मोटर अशीच घुसमटायची, आत लोखंडाचा बुरा गेला की. याला श्वास मिळत नाहीये. उघडा."

"आधी एकदा कागद नीट..."

"कागद ठेवा तुमचे बाजूला! कधीचे कागदच चाललेत. वॉरंटी आहे का गं?"

"संपली आई, उन्हाळ्यातच."

"मग काय बघताय?"

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला. बायकोने वडिलांचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणला, स्क्रू वाटीत जमा केले आणि खालचं झाकण अलगद उचललं.

आत पंखे दिसेनात. हळदीचा जाड थर, त्यात अडकलेली तांदळाची कणी, कुंकवाचे गोळे आणि पापडासारख्या कडक झालेल्या झेंडूच्या पाकळ्या. लॅपटॉप हवा खालून ओढतो. खाली तांदळाची रास होती. त्याने बिचाऱ्याने मिळेल ते श्रद्धेने ओढून घेतलं होतं. हवा अडली की तो तापायचा, आणि तापला की जीव वाचवायला वेग कमी करायचा.

"देव पावला," मी म्हणालो, "पण प्रसाद आतच ठेवून गेला."

"दात काढू नका. ब्रश आणा." मग ती हळूच म्हणाली, "मीच आडवी आले की गं तुझ्या."

"नाही गं आई. आप्पांच्या लेथला खालून पंखा नव्हता, एवढंच."

लेकीने पंख्याची पाती बोटाने धरली, बायकोने मऊ ब्रशने एकेक कणी काढली, आणि माझ्याकडे टॉर्च धरण्याचं मानाचं काम आलं. झाकण लागलं. गेम सुरू झाला. पंखे घोंघावले, पण वास आला नाही आणि सैनिक थांबला नाही. आम्ही गवत परत लावलं, सावल्या आणल्या, पाणी चमकवलं. तो पळतच राहिला. बायको पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "अगंबाई, इथे फुलं पण आहेत!"

रविवारी दुपारी लेकीची सक्त ताकीद होती: माइक चालू आहे, कोणी बोलायचं नाही. मी कोपऱ्यात श्वास रोखून बसलो. बायको दारात कढीपत्ता निवडत उभी. सैनिक हरणासारखा धावत होता. शेवटच्या फेरीत चौघीही पडल्या. उरली एकटी आमची, आणि समोर लपलेला एक शत्रू. बायको दारातूनच मान उंचावून पडद्याचा कोपरा न् कोपरा बघत होती.

"अगं मागे! मागे बघ, खिडकीतनं घुसला मेला!"

लेक गर्रकन वळली. एक गोळी. संपलं.

बायको तोंडावर हात ठेवून उभी, कढीपत्ता जमिनीवर. स्पीकरमधून कॅप्टन ओरडली, "ए, तुझी जागा पक्की! पण आधी सांग, काकू रोज फ्री असतात का गं?"