परतखोलीतल्या शीलाताई

प्राचीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली. पहाटे, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. मला आधी रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. शीलाताईंची फुफ्फुसं बरेच दिवस साथ देत नव्हती. येरवड्याच्या घरात खिडकीशी बसलेल्या, नाकात ऑक्सिजनची नळी, एक वाक्य बोललं की थांबायचं आणि मग दुसरं... शेवटी श्वासासाठी तडफडणं नशिबी येऊ नये, एवढंच प्राची आणि मी मनात धरून होतो. ते आलं नाही. फोनवर तिनं सोडलेला लांब श्वास मला इकडे ऐकू आला. आता काही आठवडे उलटलेत. रडूही येऊन गेलं. म्हणून लिहायला बसले आहे.

शीलाताई गजभिये पुण्यातल्या आमच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत, आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. मी तिथल्याच ग्रंथालयात होते. पहिली काही वर्षं आम्ही एकमेकींना मॅडम म्हणत होतो. पुढे कधीतरी त्या मला 'अनू' म्हणू लागल्या, मी मात्र शीलाताई आणि 'तुम्ही'वरच राहिले. त्या नागपूरच्या. बोलणं पुण्यात येऊन पुष्कळ बदललं होतं, पण राग आला किंवा फार आनंद झाला की वाक्याच्या शेवटी हटकून 'नं' यायचा.

वसतिगृह मे महिन्यात रिकामं व्हायचं, आणि मुली जाताना काय काय टाकून जायच्या! गाद्या, बादल्या, टेबलफॅन, कपडे वाळवायच्या दोऱ्या, ढिगांनी पुस्तकं. घरी न्यायला गाडीभाडं परवडत नाही, आणि पुढच्या वर्षी कोण येणार आहे? सफाईचे कंत्राटदार ते सगळं मागच्या पटांगणात ओढत आणि पेटवून देत. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. एका दुपारी वारा फिरला आणि फोमच्या गाद्यांचा काळा धूर सरळ इमारतीत शिरला. सुट्टीत प्रबंध लिहायला थांबलेली लातूरकडची एक मुलगी वरच्या खोलीत होती. तिला दम्याचा त्रास होता. शीलाताईंनी आणि पहारेकऱ्यांनी तिला खाली आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. रुग्णालयाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी उभ्या होतो. शीलाताईंच्या साडीला जळक्या रबराचा वास येत होता. संध्याकाळच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता काळजी नको, ती चहा मागतेय. शीलाताई तिथल्या बाकावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. उठल्या तेव्हा एकच वाक्य बोलल्या, "आता या पटांगणात काडी लागणार नाही."

बोलायला सोपं होतं, पण सामानाचं करायचं काय? त्यांनी जुन्या सायकल स्टँडची बंदिस्त शेड मागितली. मालमत्ता विभागाचे साहेब अस्सल पेठेतले. "मॅडम, हे विद्यापीठ आहे, जुना बाजार नव्हे," म्हणाले. शीलाताई शांतपणे म्हणाल्या, "जुन्या बाजारात निदान भाव तरी करतात, साहेब. इथं आपण थेट आगीत घालतो." शेड मिळाली. त्या उन्हाळ्यात आम्ही काही जणींनी गाद्या उन्हात टाकल्या, बादल्या घासल्या, पुस्तकं विषयवार लावली. जे खरोखरच कामातून गेलं होतं ते वेगळं काढून भंगारात दिलं. जूनमध्ये नव्या मुली आल्या. एकेक बॅग आणि सोबत भेदरलेले आईवडील. शेडचं दार उघडं होतं, पण कुणी आत येईना. दारातून बघायच्या आणि पुढे जायच्या. दुसऱ्यांचं वापरलेलं नेताना कुणी पाहिलं तर?

नेमके त्याच आठवड्यात शीलाताईंचे वडील नागपूरहून आले. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले. छप्पन साली दीक्षाभूमीवर ते आपल्या वडिलांचा हात धरून गेले होते. त्यानंतर त्यांच्या घरात एक गोष्ट ठरली होती ती कायमची: कुणाचं उतरलेलं अंगावर घालायचं नाही, कुणाचं उरलेलं घरात आणायचं नाही. दोन धोतरांवर वर्ष काढलं, पण तो नियम मोडला नाही, असं शीलाताई अभिमानानं सांगत. त्या बाबांना त्यांनी स्वतःच शेड दाखवायला नेलं. मी बरोबर होते. बाबांनी गाद्यांची चळत पाहिली, बादल्या पाहिल्या.

"शीला, हे लोकाईचं उतरलेलंच होय नं?"

शीलाताईंनी मान डोलावली.

"देणाऱ्याचा हात वर राहते, घेणाऱ्याचा खाली. आपण तेच सोडलं होतं नं, बाई?"

शीलाताईंचा चेहरा मी कधी इतका उतरलेला पाहिला नव्हता. पण त्या मागे हटल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, इथं देणारा कोणी उभाच नसतो. सामान वसतिगृहाचं आहे. खोली मिळते, कॉट मिळते, तशीच गादी. कोणाचं नाव नाही, कोणाचे आभार मानायचे नाहीत. वापरायचं, आणि जाताना परत ठेवायचं." बाबा वळून शेडबाहेर पडले. त्या दिवशी धड जेवलेही नाहीत. शीलाताई मला म्हणाल्या, बाबांना हे पटलं नाही तर मी शेडला कुलूप लावीन, अनू. त्या तसं करणार हे मला माहीत होतं.

सकाळी बाबा घरात नव्हते. शोधत आम्ही शेडपाशी गेलो तर ते जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले, पुढ्यात एक टेबलफॅन उघडा, आणि शेजारी उकिडवी बसलेली नवीन आलेली एक मुलगी त्यांना स्क्रू हातात देत होती. वर न बघता ते म्हणाले, मशीनचं तेल आणा. मग शीलाताईंकडे पाहून म्हणाले, "गाद्याईले नव्या खोळी शिव. कापूस जुना चालते. पोरगी झोपन ते नव्या कापडावर." एवढंच. शीलाताई मागं वळल्या, पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाल्या, "जीव भांड्यात पडला नं, अनू." ती मुलगी तो फॅन आणि एक गादी घेऊन गेली. तिच्या मागून तिच्या मजल्यावरच्या सगळ्या आल्या. शेडला 'परतखोली' हे नाव त्यांनीच दिलं. नव्या खोळींचा नियम आजही आहे.

निवृत्तीनंतरही शीलाताई मे आणि जूनमध्ये रोज तिथे असायच्या. मग आजार आला, येणं थांबलं, आणि गेल्या हिवाळ्यात कळलं की शेड पाडून तिथे नवी इमारत होणार. हे त्यांना सांगायचं कुणी? मी जायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि न सांगताच परत यायची. पण मुलींनी वाट पाहिली नाही. त्या कुलगुरूंना भेटल्या, पुन्हा भेटल्या, आणि पलीकडे नुकत्याच बांधून झालेल्या वसतिगृहाच्या तळमजल्यावरची एक मोठी खोली परतखोलीसाठी मिळवूनच थांबल्या. तेव्हा मी धावत येरवड्याला गेले आणि दोन्ही बातम्या एकदमच सांगितल्या. शीलाताईंनी डोळे मिटून ऐकलं. जरा थांबून, श्वास गोळा करून विचारलं, "ओल येते का तिथं? गाद्यांना... ओल चालत नाही." नाही येत, भरपूर ऊन आहे, म्हटलं. मग त्या माझा हात धरून झोपून गेल्या. इतकी गाढ झोप त्यांना बऱ्याच दिवसांत लागली नव्हती, असं प्राची नंतर म्हणाली.

या जूनमध्ये परतखोली नव्या जागेत उघडली. तिला आईचं नाव द्यायचं का, असं विद्यापीठातून प्राचीला विचारलं होतं. तिनं नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी ती रिक्षातून आईचा टेबललॅम्प, लिहायचं छोटं मेज आणि प्रेशर कुकर घेऊन आली. आम्ही दोघींनी ते पुसून बाकीच्या सामानात मांडलं आणि बाजूला उभ्या राहिलो. मुली येत होत्या, उचलत होत्या, पालकांशी वाद घालत होत्या. कुकर लगेच गेला. मेजासाठी दोघींत थोडी ओढाताण झाली. लॅम्प एका उंच मुलीनं घेतला, बटण दाबून पाहिलं, वायर गुंडाळली आणि काखोटीला मारून जिना चढून गेली.

"तिला नाव विचारू का?" मी प्राचीला म्हटलं.

"नको, मावशी," ती म्हणाली. "अभ्यास करू दे तिला."