तडतडणाऱ्या शेंगांचा प्लॉट

एकाच बांधावर सलग काही हंगाम डबे उघडले की किस्से साठतातच. थीसिसमध्ये त्यांना जागा नाही, म्हणून इथे सांगते. नव्वदच्या दशकाचा शेवट. पारगावजवळ तात्यांचं वावर, त्यात आमच्या सरांचा सोयाबीनचा प्लॉट, आणि मी त्यांची विद्यार्थिनी.

*

बियाण्यावर गॅमा किरणांचा मारा केलेला होता. गावात बातमी फुटली, ‘करंट दिलेलं बी!’ वावर स्वतःचं, पण तात्या बांधावरून उतरेनात.

सरांनी दोन दाणे चावून दाखवले. दुसऱ्या दिवशी तात्या सकाळीच हजर. म्हटलं, "पेरणी बघायला?"

"न्हाई, सरांस्नी बघायला!"

*

पुढच्या वर्षी खुरपणीत हौसाबाईंची हाक आली, "ताई, सोयाबीनमदी मिरची उगवलीया. उपटू का?"

धावत गेले. मिरची कसली! सोयाबीनच, पण पानं अरुंद, टोकदार. शेंगा लागल्या तर प्रत्येकीत चार-चार दाणे! पानाच्या रुंदीचा आणि शेंगेतल्या दाण्यांचा संबंध काय? मी वेडी व्हायची बाकी होते.

हौसाबाई म्हणाल्या, "मंजी उपटू नको, आसंच ना?"

*

खोट एकच. पिकल्या की त्या शेंगा उन्हात तडकायच्या, दाणे मातीत. म्हणून सरांनी न तडकणाऱ्या गावच्या वाणाशी संकर केला. पुढच्या पिढीत सगळी पानं रुंद! मी रडकुंडीला आले.

"गेलं नाही, आत बसलंय," सर म्हणाले.

आणि त्याच्या पुढच्या पिढीत जवळजवळ पाव झाडं अरुंद पानांची उगवली. जशीच्या तशी!

तात्या म्हणाले, "बाचं टक्कल मला सोडून थेट पोराच्या डोक्यावर उतरलंय. तसंच की ह्ये!"

*

पण अरुंद पानाबरोबर तडकणंही परत आलं. सर म्हणाले, "दोन्ही गुण गुणसूत्राच्या एकाच दोरीवर शेजारी बसलेत. मधेच दोरी तुटून दुसरीला जुळली, तरच ताटातूट."

"कधी तुटणार?"

"निसर्गाला विचार."

मला कुठला धीर! तात्यांना तर त्याहून कमी. डिंभ्याच्या कालव्याचं पाणी आलं होतं. "यंदा शेवटचं, सर. दसरा झाला की ऊस." दुसरी जमीन मिळत नव्हती. चार दाण्यांची, न तडकणारी शेंग आता सापडली तर सापडली.

*

दसऱ्यानंतरची टळटळीत दुपार. पानं गळण्याआधी अरुंद पानांच्या झाडांना मी सुतळी बांधून ठेवली होती. ती झाडं तडतडत होती, दाणे गालावर येऊन बसत होते.

मधोमध सुतळी बांधलेलं एक झाड गप्प. शेंगा चार दाण्यांच्या, वाळून खडखडीत. एकही फुटेना!

तात्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्यावर सावली धरली.

"अहो, सावली नको! उन्हातच कळेल!" सर ओरडले.

"लेकराला उन्हात उभं करून परीक्षा घेता व्हय!" म्हणत तात्यांनी टॉवेल काढला, आणि कान लावून तिथंच बसले.

तेवढ्यात बांधावर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत उसाचं बेणं. ड्रायव्हर ओरडला, "तात्या, कुठं उतरवू?"

तात्यांनी मान वर केली नाही.

"आदी इंजिन बंद कर, राव. ऐकू येईना!"