हरकतीवर राष्ट्रगीत

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला मी न चुकता जातो, कारण साध्या नागरिकाला गावकारभाराचा जाब विचारता येईल अशा जागा आता फारशा उरलेल्या नाहीत. यंदा मात्र तिथून किळस घेऊन परतलो.

आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या आठवडे बाजारात जुन्नरचे एक मुसलमान मणेर, वडिलांच्या काळापासून, बांगड्या विकत आले आहेत. सभेत ऐनवेळचा विषय म्हणून सरपंचांनी ठराव वाचला : 'देशाची सुरक्षा लक्षात घेता' बाहेरच्या विक्रेत्यांना बाजारात बसू देऊ नये. त्याच जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावहून बाजारात येणारा फरसाणवाला अर्थातच बाहेरचा ठरत नव्हता. ज्यांची भाकरी काढून घ्यायची होती ते मणेर झेंडावंदनाला म्हणून आले होते आणि मागे भिंतीला टेकून ऐकत होते.

मी उठलो. विषयपत्रिकेत नसलेल्या ठरावाने कुणाचा व्यवसाय हिरावता येत नाही, तो हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने दिला आहे, माझी हरकत नोंदवा, एवढे बोललो.

"अण्णा, आजच्या दिवशी तरी देशाला आडवं जाऊ नका राव!" सरपंच म्हणाले.

"देशाला नव्हे, तुम्हाला जातोय."

लोक हसले. ते हसू सरपंचांना झोंबले. त्यांनी माइकवाल्याला खूण केली आणि राष्ट्रगीत सुरू झाले.

मी ताठ उभा राहिलो. राष्ट्रगीत चालू असताना हा म्हातारा तोंड उघडणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्याच आदराचा बोळा करून त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. मागे मणेर खड्या आवाजात गात होते. जयघोष झाला, त्यातच ठराव मंजूर झाला आणि सभा संपली.

ज्याच्याशी आपले रक्ताचे, जातीचे वा धर्माचे नाते नाही, त्याचा हक्क आपला समजून राखणे, यापलीकडे देशप्रेमाचा अर्थ मला सापडलेला नाही. घटनेच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द शोभेसाठी घातलेला नाही. ती ज्यांना पेलत नाही, त्यांना घोषणा पुरतात.

गटविकास अधिकाऱ्यांना त्याच दुपारी लिहिले. बाजाराच्या दिवशी तक्रारीची पोच घेऊन मणेरांशेजारी जाऊन बसलो. सरपंचांच्या दोन कार्यकर्त्यांनी मोटारसायकल थेट टोपलीला खेटून उभी केली.

"चाचा, ठराव ऐकला न्हाई व्हय?"

मी पोच पुढे धरली.

"अण्णा, ते घरी जाऊन वाचा."

मणेर आवरू लागले. "उठू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे," मी म्हणालो.

"कायदा खरा हाय अण्णा. पण माल काचेचा हाय."

समोर बसलेल्या बाईचा एकच हात भरून झाला होता. त्यांनी तिचा दुसरा हात मागितला आणि एकेक बांगडी सावकाश चढवली. तोवर ते दोघे हॉर्न वाजवत राहिले. मग मणेरांनी टोपली उचलली आणि एसटी स्टँडकडे निघून गेले.