अण्णांची यादी आणि कातळावरची रेंज

अण्णा दातारांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा टेबलावर आमच्या मध्ये इतके अर्ज रचलेले होते, की पहिला दीड तास मला अण्णा दिसलेच नाहीत. नुसता आवाज येत होता. अंबरनाथच्या एका रसायनाच्या कारखान्यात मी नवा कारकून आणि अण्णा क्वार्टर-वाटप समितीचे प्रमुख. त्यांनी मला सत्तेचाळीस प्रश्न विचारले. विसाव्या प्रश्नाला मला आईचं नाव आठवेना, तिसाव्याला स्वतःचं.

"आई तुमच्यावर अवलंबून आहे, याला पुरावा काय?"

"उलट आहे साहेब, मीच आईवर अवलंबून आहे."

अण्णांनी शांतपणे माझे चार गुण कापले. क्वार्टर मिळायला सहा वर्षं लागली; अण्णा मात्र त्याच दिवशी कायमचे मिळाले.

अठरा वर्षं या माणसाने घरं वाटली आणि एकाही अर्जदाराकडे चहा घेतला नाही. अर्जदाराने लिहिलेल्या उत्तराचा काना-मात्रासुद्धा स्वतःच्या हाताने बदलला नाही. निवृत्त होऊन बदलापूरला आले तेव्हा वाटायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते हापूसची पेटी पिकण्याच्या क्रमाने लावत बसत. त्यांच्या पत्नी मालिनीकाकू म्हणायच्या, "आमच्याकडे आंब्यालासुद्धा सीनियॉरिटी लागते."

यंदा एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाने, पुष्करने, उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीची एजन्सी घेतली. छपरावर परातीएवढी डिश लावली की ना तार ना टॉवर, थेट आभाळातून नेट. पण आभाळ तरी एका भागात किती जणांना पुरणार? पावसाळ्याआधी कंपनी चारच डिश देणार होती. अर्ज आले एकतीस. आधी कोणाला, याची यादी पुष्करने शुक्रवारी पाचच्या आत पाठवायची. बाकीच्यांनी पुढच्या वर्षाची वाट बघायची.

"जो आधी आला त्याला देऊन टाकू," पुष्कर म्हणाला.

"ही काय वडापावची गाडी आहे?" अण्णा कडाडले आणि त्यांनी जुनी गुणपद्धत बाहेर काढली. ज्याच्याकडे दुसरी काहीच सोय नाही, त्याला सर्वांत जास्त गुण. वांगणीच्या फार्महाऊसवाल्यांनी तळमळून लिहिलं होतं, 'रेंज अजिबात नाही, शनिवार-रविवार वाया जातात.' उल्हासनगरच्या एका शेठने दुकानात दोन फायबर असताना तिसरी सोय मागितली होती, 'मनाला बरं वाटतं' या कारणासाठी. आणि बारवी धरणापलीकडच्या बावीस घरांच्या पाड्यातर्फे कौसाबाईंनी एकच अर्ज दिला होता. त्यात 'मोबाईलला रेंज आहे का?' यापुढे लिहिलं होतं, 'आहे'. गुण शून्य. पाडा एकतिसावा.

बुधवारी अण्णांनी मला बोलावलं, तेव्हा ते दंडाला रक्तदाबाचं यंत्र लावूनच बसले होते.

"तिकडे जंगल आहे रे. रेंज येईल कशी?"

"अहो, त्यांनीच लिहिलंय ना!"

"लिहिलंय म्हणूनच घाबरलोय. चुकलं तर बावीस घरं वर्षभर अडकली."

गुरुवारी सकाळी माझ्या स्कूटरवर आम्ही 'प्रत्यक्ष पाहणी'ला निघालो. वाटेतल्या प्रत्येक वळणावर अण्णा मागून विचारत, "पोचू ना?" हे पाड्याबद्दल होतं की एकूणच, ते मला कळलं नाही.

कौसाबाई अंगणात भात पाखडत होत्या. ओटीवर त्यांची सून तेजस्वी, सातवा महिना सरत आलेला, दोन्ही पाय पसरून बसली होती.

"रेंज आहे का बाई?" अण्णांनी विचारलं.

"हाय की. बक्कळ हाय. चला दावते."

त्या आम्हाला घेऊन डोंगर चढू लागल्या. अर्धा तास. अण्णांचा चेहरा पिकलेल्या हापूसच्या क्रमात वरच्या नंबरला गेला. वर एक रुंद कातळ होता आणि त्यावर वाकलेल्या झाडाला बारा-पंधरा कापडी पिशव्या लटकत होत्या. प्रत्येक पिशवीत एक फोन.

"फोन इथंच ऱ्हातात," कौसाबाई म्हणाल्या. "घरी नेऊन काय भात घालायचा त्याला?"

"मग अर्जात 'रेंज नाही' का नाही लिहिलंत?"

"येकदा लिवला होता. कागदवाला आला, आमी खरा सांगितला. तर रेंजबिगर चालत नाय म्हनून रेशनचा अंगठ्याचा मशीन उचलून दुसऱ्या गावाला नेला. दोन वर्सांनी परत आनला. आता रेशनवाला मशीन घेऊन या कातळावर बसतो. तवापासून ठरलाय, कागद घेऊन कुनीबी आला, की रेंज हाय."

अण्णांनी अर्ज पुढे केला. "एवढं दुरुस्त करून अंगठा द्या. तुमचा नंबर पहिला येईल."

"नाय देनार."

"अहो, सून अवघडलेली आहे. भर पावसात कळा सुरू झाल्या तर गाडी बोलवायला इथे चढणार कोण?"

"मीच चढनार. गेल्या पावसात शेजारनीसाठी मीच चढले. भ्या वाटतो ना मला. पन रेशन गेला तर बावीस चुली इझतात. तुमचा काय, तुमी बदलापूरला जाल."

अण्णा कातळावर बसले. मग त्यांनी कौसाबाईंच्या उत्तराला धक्का न लावता खाली लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. पाड्यात रेंज नाही,' आणि सही केली. उतरल्यावर त्यांनी तेजस्वीच्या हातचा कोरा चहा घेतला, साखर जास्त असूनही दोनदा.

शुक्रवारी पाड्याचा नंबर पहिला लागला. तरी अण्णा यादी सोडेनात. "हा कागद सरकारकडे गेला तर? मशीन नेलं तर?" साडेचार झाले. त्यांनी एकतीस नावं पुन्हा वाचली. पावणेपाच झाले. पुष्कर रडकुंडीला आला.

"अहो, द्या एकदाचं!" मालिनीकाकू ओरडल्या. "आंबे नाहीयेत ते!"

चार अठ्ठावन्नला यादी गेली. अण्णांनी डोळे मिटले आणि यंत्र पुन्हा दंडाला बांधलं.

कंपनीच्या कॉम्प्युटरने यादी पिनकोडप्रमाणे लावून घेतली. उल्हासनगरचा आकडा लहान, त्यामुळे चारही डिश तिकडे गेल्या. पहिली शेठच्या दुकानावर बसली. तेजस्वी जूनमध्ये माहेरी गेली आणि तिथेच तिला मुलगी झाली. पाड्याचे फोन अजून झाडालाच आहेत.