नाक उघडलं आणि डाळीचं बिंग फुटलं

मंडळी, नाक उघडलं! तीन दिवसांनी, आत्ता दुपारी! इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवेना.

मी भोकरला घरी काळा मसाला करून विकते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज लातूरच्या एका लग्नघराची ऑर्डर भाजायची होती आणि नाक गच्च. खोबरं, दगडफूल कधी उतरवायचं हे मला डोळे नाही, नाक सांगतं.

मेडिकलवाल्या सलीमभाईंनी नाकात मारायचा स्प्रे दिला. लहानपणी आई नाकात तूप सोडायची, तसंच मी तिथंच मुंडी मागं टाकून फुस्स केलं. सगळं कडू पाणी घशात!

"ओ ताई, हे तूप न्हाई! मुंडी जरा खाली घ्या, हळू ओढा. आन् तीन दिवसांच्या वर मारू नका, नाक उलट जास्तच गच्च होतंय."

तसं केलं. घरी पोचेस्तोवर एक नाकपुडी सुटली, मग दुसरी! दारातच निवडून ठेवलेल्या धन्यांचा वास आला आणि मी ओरडलेच. मसाला एकदम बरोबर भाजला.

मग जेवायला सकाळच्या डाळीचं पातेलं उघडलं. करपलेली! म्हणजे कालची आणि परवाचीही तसलीच असणार. आमचे हे मात्र तिन्ही दिवस "लई भारी झालंय" म्हणत दोनदा वाढून घेत होते.

विचारलं, तर म्हणाले, "तुला वास येत न्हवता, म्हून म्या बी घेतला न्हाई."

तुमच्या घरी आहे का असं खोटारडं माणूस? असेल तर आज त्याला नीट जेवू घाला. मी ताज्या मसाल्याची आमटी टाकलीय, वास गल्लीभर सुटलाय!